म्हशीला लस मिळते, दारातल्या कुत्र्याला का नाही?

कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातील एका वस्तीवर पाहिलेला हा प्रसंग आहे. सकाळच्या धारा उरकल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्याचा माणूस बर्फाचा डबा खांद्याला लावून गोठ्यात आला. त्याने चार म्हशींना लाळ्या-खुरकुताची लस टोचली, प्रत्येकीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक मोबाइलमध्ये नोंदवला आणि चहा घेऊन तो पुढच्या गोठ्याकडे निघाला. हे सारे होईपर्यंत शेवटच्या म्हशीपासून पाच-सहा हातांवर साखळीला बांधलेला कुत्रा त्याच्यावर अखंड भुंकत होता. या कुत्र्याला रेबीजची लस दिली आहे का, असे घरमालकांना विचारले, तेव्हा ते जरा चमकून म्हणाले, “त्याला कशाला? त्याला काय झालंय?”

म्हशींनाही काही झालेले नव्हते आणि तरीही त्यांना लस टोचली गेली होती. लस आजारी पडण्याआधी द्यायची असते, हे त्या गृहस्थांना आपल्याइतकेच ठाऊक होते. कुत्र्याच्या बाबतीत तसा विचार करण्याची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती वेळ कोणावर येते आणि कोणावर येत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

कुत्र्यांची चर्चा सध्या कमी नाही. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टच्या आदेशात दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्यास सांगितले होते. २२ ऑगस्टला त्यात बदल होऊन, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडावीत, असे ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतून कुत्री हटवण्याचा आदेश झाला. कोल्हापूरकरांना तर हा विषय केवळ दिल्लीचा वाटत नाही, कारण २०२४ च्या फेब्रुवारीत शहरात कुत्रे चावलेल्या एका तरुणीचा लसीच्या मात्रा घेऊनही मृत्यू झाल्याची बातमी येथे अजून कोणी विसरलेले नाही. या साऱ्या वादात महापालिका येते, न्यायालय येते, प्राणिमित्र येतात. ज्याच्या दारात साखळीला कुत्रा बांधलेला आहे तो माणूस मात्र क्वचितच येतो.

रेबीज शरीरात नेमका कसा चालतो?

रेबीज, म्हणजे आपल्या बोलीत कुत्रे पिसाळण्याचा रोग, हा विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू रोगी प्राण्याच्या लाळेत असतो. चावा, नखाचा ओरखडा किंवा उघड्या जखमेवरचे चाटणे यांतून तो आत शिरतो. अनेक रोगजंतू रक्तातून पसरतात; हा मात्र मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. गगनबावड्याहून पायी निघालेल्या माणसाला भवानी मंडपात पोहोचायला वेळ लागतो आणि रंकाळ्यावरून निघालेला लगेच पोहोचतो, तसेच काहीसे येथे घडते. पायाला चावलेले असेल तर बहुधा उसंत मिळते. चेहऱ्याला, मानेला किंवा हाताच्या बोटांना चावलेले असेल तर ती फार थोडी असते. लहान मुलांची उंचीच अशी असते की कुत्र्याचे तोंड त्यांच्या तोंडाशी येते, त्यामुळे जगभरातील रेबीजच्या बळींपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असावीत, यात आश्चर्य वाटू नये. लक्षणे साधारणपणे दोन ते तीन महिन्यांत दिसतात. क्वचित आठवड्यात, तर क्वचित वर्षाने. एकदा ती दिसली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो.

जे काही करायचे ते त्या मधल्या वेळात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची (तिखट, चुना, हळद असे काहीही न भरता), त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे आणि लसीच्या सर्व मात्रा पुऱ्या करायच्या. लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निकामी करणारी द्रव्ये, तयार करायला शिकवते. पण ते शिकण्यात आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणून जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल तर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही जखमेत आणि तिच्याभोवती द्यावे लागते. पोटातील चौदा इंजेक्शनांची भीती अजूनही काही घरांत ऐकू येते. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती आणि भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आता दंडाच्या त्वचेत चार दिवशी, म्हणजे पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी, लस टोचतात.

तरीही हा सारा खटाटोप चावल्यानंतरचा आहे आणि त्यात कुठे ना कुठे फट राहतेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दरवर्षी अंदाजे ५,७२६ माणसे रेबीजने मरतात. कुत्रे चावलेल्या दर पाच जणांपैकी एकाने लसीची एकही मात्रा घेतलेली नव्हती, असेही त्याच पाहणीत आढळले. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यामुळे होतो. मग माणसाला चार वेळा टोचण्यापेक्षा कुत्र्याला वर्षातून एकदा टोचणे सोपे, हा हिशेब कोणीही करील.

सत्तर टक्के हा आकडा कुठून आला?

उसाच्या फडाला आग लागली की शेतकरी पुढच्या काही सरींतील ऊस झपाट्याने तोडून मोकळा पट्टा पाडतात. आग त्या पट्ट्यापाशी येते, पुढे पेटायला काही मिळत नाही आणि ती विझते. लस दिलेला कुत्रा हा असा मोकळा पट्टा असतो. त्यातही रेबीजची आग तशी मंद आहे. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. पिसाळलेले एक कुत्रे सरासरी एक ते दोन कुत्र्यांनाच देते. कागदावर पाहिले तर निम्म्या कुत्र्यांना लस दिली तरी संसर्गाची साखळी तुटायला हवी.

परंतु कुत्र्यांची संख्या म्हणजे गळका हौद आहे. लस दिलेली कुत्री वर्षभरात गाडीखाली येतात, आजाराने मरतात आणि दर हंगामाला नवी पिल्ले येतात, ज्यांना काहीच दिलेले नसते. पुढची मोहीम येईपर्यंत हौदात पुरेसे पाणी उरावे, यासाठी तो आधी बराच वर भरून घ्यावा लागतो. दरवर्षी ७० टक्के कुत्र्यांना लस द्यावी, या जागतिक शिफारशीमागे हे गणित आहे. त्याचा दाखला शोधायला फार दूर जाण्याची गरज नाही. घाट उतरून गेले की लागणाऱ्या गोव्यात ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांनी घरोघरी जाऊन, भटक्या कुत्र्यांना जाळ्यात धरून आणि शाळांमधून मुलांना शिकवून जी मोहीम चालवली, तिच्या २०१३ ते २०१९ या काळाच्या अभ्यासात कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटल्याचे आणि माणसांमधील मृत्यू थांबल्याचे दिसले.

म्हणजे लस आहे, ती स्वस्त आहे आणि तिचा गुण शेजारीच सिद्ध झालेला आहे. एवढे असून माणूस कुत्र्याला का नेत नाही?

भीती कमी पडते म्हणून?

अमेरिकेत १९५० च्या दशकात क्षयरोगाच्या तपासणीसाठी छातीचा फोटो काढणाऱ्या गाड्या वस्त्यांमधून मोफत फिरत होत्या आणि तरीही अपेक्षेइतके लोक येत नव्हते. सरकारी आरोग्य सेवेतील सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी त्याची कारणे शोधताना जो विचार मांडला, तो आजही लसीकरणाच्या अभ्यासात वापरला जातो. त्याचे सार असे, की आजार टाळण्यासाठी माणूस काही करतो तेव्हा त्याच्या मनात अनेक गोष्टींचे वजन एकाच वेळी होत असते. हा आजार माझ्यापर्यंत येईल का, आला तर किती वाईट, उपायाचा गुण येतो का, तो करायला त्रास किती, मला तो जमेल का, आणि आज ऊठ असे कोणी म्हणाले का?

रेबीजच्या बाबतीत या तराजूचे एक पारडे विचित्र आहे. हा आजार किती वाईट, हे कोल्हापुरात कोणाला पटवून द्यावे लागत नाही. पाण्याला भिणाऱ्या रोग्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. कमी पडते ते पहिल्या प्रश्नाचे उत्तर: आपला मोत्या पिसाळेल, असे कोणाला मनापासून वाटतच नाही. ज्याने तो पिल्लू असल्यापासून त्याला भाकरीचा तुकडा टाकला, त्याला ते वाटावे तरी कसे? त्यामुळे लाळ गाळणाऱ्या, दात विचकणाऱ्या कुत्र्याचे चित्र छापलेला फलक, माझ्या मते, जे भांडे आधीच भरलेले आहे त्यातच आणखी पाणी ओततो. तो फलक पाहून माणूस दुसऱ्याच्या कुत्र्याला घाबरतो आणि घरी येऊन आपल्या कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवतो.

भीतीपेक्षा हिशेब काही वेळा अधिक कामी येतो. वस्तीवरच्या त्या गृहस्थांना रेबीजने माणूस मरतो हे सांगून काहीच झाले नाही, पण पिसाळलेले कुत्रे म्हशीला चावले तर म्हैसही मरते, हे निघाल्यावर ते पुढे सरकून बसले. लाखाच्या घरातील म्हैस आणि काही शे रुपयांच्या आत होणारी कुत्र्याची लस यांची तुलना त्यांनी स्वतःच केली. गंगावेशीत म्हशीच्या कासेखालचे धारोष्ण दूध पिणाऱ्यांसाठी येथे एक गोष्ट सांगून ठेवतो: उकळल्यावर हा विषाणू टिकत नाही, परंतु पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावराचे दूध कच्चे पिऊ नये आणि विकूही नये.

अंतर, साखळी आणि दहा मात्रांची कुपी

तराजूचे दुसरे पारडे त्रासाचे, आणि मला तेच निर्णायक वाटते. पेरू देशातील अरेकिपा शहरात रेबीज २०१५ मध्ये पुन्हा उगवला. तेथे दरवर्षी कुत्र्यांना मोफत लस देणारे तंबू लागतात. घर तंबूपासून जितके लांब, तितकी तेथून कुत्री कमी आली, असे अभ्यासकांना दिसले. लस तीच, किंमत शून्य, फरक काही गल्ल्यांचा. चाड देशाच्या राजधानीतील अनुभव पैशाविषयी तितकाच स्पष्ट आहे: मोफत मोहिमेत बहुतांश पाळीव कुत्री आली, मालकांकडून शुल्क घेतले तेव्हा लस मिळालेल्या कुत्र्यांचे प्रमाण पाव भागाच्या आसपास घसरले.

आपल्याकडे अंतर केवळ किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. राजारामपुरीतील लॅब्राडोर गाडीच्या मागच्या सीटवर बसून, खिडकीतून तोंड बाहेर काढून दवाखान्यात जातो. वस्तीवरच्या कुत्र्याला आयुष्यात कधी पट्ट्याने चालवलेले नसते. त्याला मोटरसायकलवरून न्यायचे तर एक जण गाडी चालवायला आणि दुसरा त्याला पोत्यात कमरेपर्यंत घालून मांडीवर धरायला, अशी दोन माणसे लागतात. ती दोघेही एकाच सकाळी मोकळी हवीत, आणि तो दिवस दवाखान्याच्या सुट्टीचा नसावा. घरात कुत्र्याला रोज खायला घालणारी, म्हणजे तो ज्याच्या हाताला सहज येतो ती व्यक्ती, बहुतेकदा घरातील बाई किंवा शाळकरी मूल असते. गाडीची किल्ली आणि पैसे मात्र दुसऱ्याच्या खिशात असतात. हा लहानसा तिढा कुठल्याही फलकावर येत नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या गावठी कुत्र्याला घेऊन एका दवाखान्यात गेलो, तेव्हा दहा मात्रांची कुपी एका कुत्र्यासाठी फोडता येत नाही, आणखी कुत्री जमली की या, असे सांगण्यात आले. एकदा उघडलेली कुपी फार काळ ठेवता येत नसल्याने त्यांचेही म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण घामाघूम होऊन परत आलेला माणूस दुसऱ्यांदा किती दिवसांनी जातो? मी सात महिन्यांनी गेलो, आणि तेही शेजारच्या मुलाला दुसरेच कुत्रे चावल्यानंतर. त्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या भाषेत याला ‘आज ऊठ’ असे म्हणणारी घटना म्हणता येईल. माझ्या भाषेत ती लाज होती.

याउलट ज्या घरांत लस वेळेवर होते, तेथे बहुधा कोणीतरी डॉक्टर आठवण करून देत असतात. पिल्लू जंताच्या औषधासाठी आणले, की डॉक्टर लगेच पुढची तारीख कार्डावर लिहितात, कुपीवरचे क्रमांकाचे चिकटपत्र सोलून त्या कार्डावर लावतात आणि वर्षाने फोनवर निरोप येतो. मालकाला वेगळे ठरवावे लागतच नाही. लाळ्या-खुरकुताच्या लसीचेही तसेच आहे. २०१९ पासून चाललेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सुई गोठ्यापर्यंत येते. म्हैस नोंदवलेली आहे, कुत्रा कोणाच्याच वहीत नाही. गावोगावच्या दूध संस्थांच्या दारात सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन सारे गाव जमते; वर्षातून एक सकाळ तेथे दहा मात्रांची कुपी उघडली, तर ती वाया जाण्याचा प्रश्न कितीसा उरेल?

कुत्रा नेमका कोणाचा?

हा प्रश्न पेठांमध्ये विचारून पाहावा. तालमीच्या कट्ट्याखाली झोपणाऱ्या कुत्र्याला नाव असते, त्याला बिस्किटे कोण घालतो हे साऱ्यांना माहीत असते, पावसात तो कोणाच्या जिन्याखाली शिरतो हेही ठरलेले असते, पण “तुमचा का?” असे विचारले की उत्तर येते, “गल्लीतलं हाय.” २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे पाळीव कुत्र्याच्या लसीची जबाबदारी मालकाची आणि रस्त्यावरच्या कुत्र्याची स्थानिक संस्थेची आहे. गल्लीतले कुत्रे या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर झोपलेले असते. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येणारी कुत्री तर चार-पाच महिने खोपींजवळ राहून टोळीबरोबरच निघून जातात. त्यांना कोणत्या गावाने मोजायचे?

तरीही अशा गल्लीतल्या कुत्र्यांबाबत मी आशावादी आहे. त्याला नावाने हाक मारता येते आणि मान धरू देण्याइतका त्याचा एखाद्या तरी माणसावर विश्वास असतो. अनोळखी कुत्र्याला जाळे टाकून धरण्यापेक्षा त्या माणसाला बोलावणे किती सोपे! लस टोचायला काही सेकंद लागतात. खरे काम आहे ते मान धरणाऱ्याचे.

“आमचा कुत्रा घराबाहेर जातच नाही”

सदनिकेत राहणाऱ्यांकडून हे हमखास ऐकू येते. दिवाळीत फटाक्यांनी बिथरून उघड्या दारातून पळालेली कुत्री शोधणाऱ्यांचे निरोप मोबाइलवर दरवर्षी फिरतात, ती सगळी घरातलीच असतात. शिवाय रेबीज मांजर आणि मुंगूस यांच्याकडूनही येऊ शकतो, आणि बंगल्याच्या बागेत शिरायला मुंगूस परवानगी मागत नाही.

गावठी कुत्र्याची ताकद जास्त, त्याला लस लागत नाही, हा दुसरा समज. उन्हातान्हात टिकण्याची ताकद वेगळी आणि या विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती वेगळी. दुसरी लसीशिवाय येत नाही. लस दिली की कुत्रा मऊ पडतो आणि राखण करीत नाही, असे वस्त्यांवर बोलले जाते. टोचल्यावर एखादा दिवस कुत्रा सुस्त राहू शकतो किंवा टोचल्या जागी गाठ येऊ शकते, तेवढेच. मला वाटते, येथे लस आणि निर्बीजीकरण यांची गल्लत होते.

पिल्लू असताना एकदा दिली आहे, आता पुन्हा कशाला, हे म्हणणे मात्र समजून घेण्यासारखे आहे, कारण माणसाच्या अनेक लसींबाबत ते खरे असते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे फार लवकर दिलेल्या लसीला निष्प्रभ करू शकतात, म्हणून पहिली मात्रा तिसऱ्या महिन्यात देतात, तीन-चार आठवड्यांनी बहुतेक डॉक्टर दुसरी देतात आणि मग दरवर्षी एक. वर्षभराने न दिल्यास हौद गळतच राहतो.

सगळी कुत्री उचलून नेली, तर लसीची कटकटच संपेल, असेही कोणी म्हणेल. एखाद्या गल्लीतून लस दिलेली दहा कुत्री हटवली, तर तेथील उकिरडा तसाच राहतो आणि त्यावर नवी कुत्री येतात, ज्यांना काहीही दिलेले नसते. फडातला मोकळा पट्टा पुन्हा वाळलेल्या पाल्याने भरल्यासारखे ते होते.

लस दिलेला कुत्रा चावला तर?

मालकाला लस देऊन झाल्यावर पडणारा हा प्रश्न आहे. धोका खूप कमी होतो, तरी जखम धुणे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे चुकवायचे नाही, कारण लस वेळेवर आणि थंडाव्यात ठेवलेली होती का, हे चाव्याच्या क्षणी कोणी सांगू शकत नाही. २ ते ८ अंश सेल्सियसच्या बाहेर राहिलेली लस पाण्यासारखी निरुपयोगी ठरू शकते. कुत्र्याला मारू नये किंवा लांब सोडून येऊ नये. त्याला बांधून दहा दिवस पाहावे. लाळेतून विषाणू येऊ लागलेले कुत्रे दहा दिवस धडधाकट राहत नाही, म्हणून तो खात-पीत, नेहमीसारखा राहिला तर पुढच्या मात्रांविषयी डॉक्टर फेरविचार करू शकतात. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा कोणत्याही दवाखान्यात त्या वेळी कुत्र्याच्या लसीची तारीख विचारली जाते आणि तेव्हा तोंडी आठवणीपेक्षा कार्ड उपयोगी पडते. वस्तीवरच्या त्या घरात म्हशींच्या विम्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून देवळीत ठेवलेले होते. कुत्र्याचे कार्ड त्याच पिशवीत ठेवावे.